‘पुढच्या वेळी’ म्हणजे नेमकं कधी?

पत्र एका संशोधक विद्यार्थिनीचं आहे. मत्स्यशास्त्रात पीएच.डी., तिसरं वर्ष संपत आलेलं. ओटोलिथवरून, म्हणजे माशाच्या कानातल्या खड्यावरची वलयं मोजून, माशाचं वय काढायचं काम ती करते. चार वर्षांतून एकदा भरणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत तिचं पोस्टर स्वीकारलं गेलं आहे. मागितलं होतं तोंडी सादरीकरण, मिळालं पोस्टर. परिषद भरवणारी संघटना विद्यार्थ्यांना प्रवासासाठी अनुदान देते आणि अर्जाला तीन आठवडे उरलेत. गाईड म्हणाले, “यंदा तुझ्या सिनियरला करू दे, तुझं पुढच्या वेळी बघू.” सिनियर चांगला मित्र आहे, त्यामुळे तिला पुढे काही बोलवेना. असली अनुदानं नामांकित संस्थांमधल्या पहिल्या नंबरांनाच मिळतात, असंही तिला वाटतं. आपलं काम तर अजून अर्धवट आहे, कारण दोन वाचकांनी, म्हणजे वलयं मोजणाऱ्या दोघांनी, काढलेली वयं जुळतच नाहीत. पैशांची गरज आहे असं अर्जात लिहायची तिला लाज वाटते. शिवाय अनुदान मिळालं तरी पैसे परत आल्यावर, बिलं दिल्यावरच मिळणार. घरचे कर्ज काढायला तयार आहेत. ती विचारते: अर्ज करू का, केला तर सिनियरच्या आड येईन का, आणि नाहीच मिळालं तर कर्ज काढून जाऊ का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावर मला फार विचार करावा लागला नाही. नको. एका पोस्टरसाठी घरच्यांनी कर्ज काढू नये, परिषद कितीही मोठी असो. उचल ही वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे नंतर येते.

आता गाईडांचं वाक्य. ‘पुढच्या वेळी’ हे शब्द ऐकायला समजूतदार वाटतात, पण त्यात एक हिशेब दडलेला असतो आणि तो तू केलेला दिसत नाहीस. काही परिषदा दरवर्षी होतात. अमेरिकन फिशरीज सोसायटीचं अधिवेशन वार्षिक असतं, आयसीईएस म्हणजे समुद्राच्या अभ्यासासाठीची आंतरराष्ट्रीय परिषद, तिचंही विज्ञान संमेलन दरवर्षी भरतं. तिथे ‘पुढच्या वेळी’ म्हणजे बारा महिने, चालण्यासारखं आहे. एशियन फिशरीज फोरमला साधारण तीन वर्षं जातात. वर्ल्ड फिशरीज काँग्रेस 1992 साली अथेन्सला पहिल्यांदा भरली आणि तेव्हापासून दर चार वर्षांनी भरते. 2016 ला बुसान झालं, 2020 चं अ‍ॅडलेड महासाथीमुळे 2021 वर गेलं, मग 2024 ला सिएटल. तुझी परिषदही चार वर्षांची आहे. म्हणजे पुढच्या वेळी तू विद्यार्थिनी नसशील. विद्यार्थ्यांसाठीचं अनुदान मागायचा तुझा हक्कच तेव्हा उरणार नाही.

गाईडांना हे माहीत नाही असं नाही. पण ते एका वेळी पाच-सहा विद्यार्थ्यांचे प्रबंध, दोन प्रकल्प आणि विभागाची कामं सांभाळत असतील, आणि तुझं शेवटचं वर्ष कुठलं हे त्यांच्या डोक्यात सतत फिरत नसणार. त्यांना ते सांगणं म्हणजे उलट बोलणं नव्हे.

सिनियरच्या बाबतीत तू एक गोष्ट गृहीत धरली आहेस: अनुदान एकच आहे आणि ते तुमच्या प्रयोगशाळेतल्या एकालाच मिळणार. हे कुठे लिहिलंय? नियम उघड आणि वाच. काही ठिकाणी खरंच एका संस्थेतून किंवा एका मार्गदर्शकाकडून एकच अर्ज घेतात. तसं असेल तर गाईडांचं म्हणणं रास्त आहे आणि मग निर्णय तिघांनी बसून करायचा. पण बहुतेक संघटना एका परिषदेसाठी अनेक विद्यार्थ्यांना थोडी थोडी रक्कम देतात. तिथे तुझी तुलना सिनियरशी होत नाही, आलेल्या सगळ्या अर्जांशी होते. तू अर्ज केला नाहीस म्हणून त्याची शक्यता वाढत नाही, असलीच तर इतकी किंचित की मैत्रीच्या नावावर मांडायला नको.

त्याला विचारलंस का? पत्रात ते कुठेच दिसलं नाही. “मीही अर्ज करायचा विचार करतेय, तुला काय वाटतं?” एवढं एक वाक्य पुरे. माझा अंदाज असा की तो म्हणेल, दोघंही करू, एकमेकांचे अर्ज वाचू. दोघांनाही थोडं थोडं मिळालं तर येण्याजाण्याचा आणि राहण्याचा बंदोबस्त एकत्र करता येईल, तेही कमी नाही. तो रागावलाच, तर निदान अंदाजावर तीन आठवडे कुढण्यापेक्षा खरं काय ते कळेल.

गाईडांकडे जाशील तेव्हा कागद घेऊन जा. नियमावलीतली एका संस्थेतून किती अर्ज चालतात ती ओळ, परिषदेचं चार वर्षांचं चक्र आणि तुझा प्रबंध जमा करायचा महिना, एवढं एका पानावर मावतं. मग म्हण, “सर, दोन अर्ज चालतात असं दिसतंय. सिनियरशी बोलले आहे, त्याची हरकत नाही. शिफारसपत्राचा मसुदा मी करून देऊ का?” शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बऱ्याच वेळा ‘यंदा नको’ याचा खरा अर्थ ‘दोन शिफारसपत्रं लिहायला मला वेळ नाही’ असा असतो. मी स्वतः हे केलेलं आहे, आज कबूल करते. मात्र गाईडांना डावलून दुसऱ्या कुणाचं पत्र जोडू नकोस. मार्गदर्शकाची सही मागणारे अर्ज असतात, आणि नसली मागत तरी या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात.

आणि त्यांनी कारण देऊन नाही म्हटलं तर? मग कारण ऐक. तुझ्या माहितीचा काही भाग अजून प्रसिद्ध करायचा नाही, प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांची परवानगी लागते, अशी खरी कारणं असू शकतात. ती ऐकून मागे घेतलेला अर्ज आणि संकोचापोटी न केलेला अर्ज यांत फरक आहे.

आता तुझ्या मनातल्या ‘पहिल्या नंबरांबद्दल’. इथे तू तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकल्या आहेस. पहिली, संशोधनासाठीची शिष्यवृत्ती किंवा फेलोशिप. अमेरिकन फिशरीज सोसायटीची जे. फ्रान्सिस अ‍ॅलन शिष्यवृत्ती 1986 पासून मत्स्यशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांसाठी आहे, त्याच संस्थेची स्टीव्हन बर्कली फेलोशिप सागरी संवर्धनातल्या संशोधनासाठी आहे. तिथे प्रबंधाचा आराखडा, गुण, प्रसिद्ध झालेले लेख यांना वजन असतं. दुसरी, सादरीकरणाचं बक्षीस. ते परिषदेत उभं राहून मिळवायचं असतं, आणि त्यासाठी आधी नाव द्यावं लागतं. गोषवारा भरताना स्पर्धेत भाग घ्यायचा का असा एक चौकोन असतो, तो निम्मे विद्यार्थी पाहतच नाहीत. तू टिचकी मारली होतीस का, आजच बघ. तिसरी गोष्ट प्रवास अनुदान, आणि तिचा स्वभाव पहिल्या दोघींपेक्षा वेगळा आहे.

जॉन स्किनर यांच्या स्मरणार्थ अमेरिकन फिशरीज सोसायटी विद्यार्थ्यांना अधिवेशनाला येण्यासाठी पैसे देते. तिथे शैक्षणिक पात्रता बघतात, व्यवसायाच्या क्षेत्रात केलेलं काम बघतात, आणि तिसरी गोष्ट विचारतात: अधिवेशनाला का यायचंय? गुण हा तिघांतला एक भाग झाला. कार्यशाळेत मदत केली, विद्यार्थी शाखा चालवली, मासेमारांसोबत बसून माहिती गोळा केली, हे दुसऱ्या भागात येतं. ‘त्यात काय लिहायचं’ म्हणून विद्यार्थी ते गाळतात. तिसऱ्या भागात तर नामांकित संस्थेचा काहीच फायदा नसतो. मी अशा निवडीसाठी दोनदा बसले आहे. पहिल्या तासात गुणपत्रिका बघून होतात, सगळ्या चांगल्याच असतात. खरी चर्चा त्या ‘का’वर होते, आणि तिथे बहुतेक अर्ज अक्षरशः एकसारखे असतात. “या परिषदेमुळे माझ्या ज्ञानात भर पडेल आणि जागतिक तज्ज्ञांशी संवाद साधण्याची संधी मिळेल.” हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता डोळे त्यावरून आपोआप घसरतात.

समिती बक्षीस देत नसते, खर्च करत असते. संघटनेच्या सभासदांनी दिलेले पैसे कुणावर घातले तर परिषदेत काहीतरी घडेल, एवढंच तिला ठरवायचं असतं. म्हणून तू काय केलंस याच्याइतकंच तुला काय अडलंय हेही लिही.

आणि तुझं अडलेलं काम तर सोन्यासारखं आहे! दोन वाचकांची वयं जुळत नाहीत ही तुला लाजेची गोष्ट वाटते. वय वाचणाऱ्या माणसांच्या खोलीत सगळ्यात जास्त बोलणं याच गोष्टीवर होतं. वाचकांमधला फरक मोजायला सरासरी टक्केवारी चूक आणि विचरण गुणांक अशी मापं कशासाठी काढली गेली? सगळ्यांचीच वाचनं चुकतात म्हणून. उष्ण पाण्यातल्या माशांत वलयं पुसट असतात, कारण ऋतूंमधला फरक थंड प्रदेशाइतका तीव्र नसतो, शिवाय प्रजननाच्या काळातही खोटं, म्हणजे वर्षाचं नसलेलं, वलय उमटू शकतं. खडा अखंड बघायचा की काप घेऊन, कडेची वाढ महिन्यामहिन्याला मोजायची की ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने खड्यावर खूण करून मासा वाढवून बघायचा, असे प्रश्न पोस्टरसमोर उभं राहूनच सुटतात.

चुकलेल्या वयाची किंमत काय असते, हे ऑरेंज रफी या खोल समुद्रातल्या माशाने दाखवून दिलं. सुरुवातीला त्याची वाढ इतर माशांसारखी समजून मासेमारी वाढवली. ओटोलिथचे काप घेऊन आणि किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून वय तपासलं तेव्हा कळलं की तो शंभर वर्षांहूनही जास्त जगतो आणि प्रजननक्षम व्हायलाच त्याला दशकं लागतात. तोवर साठे कोसळायला लागले होते. वय कमी वाचलं की वाढ वेगवान दिसते, वाढ वेगवान दिसली की नैसर्गिक मृत्यूदर जास्त धरला जातो, आणि कागदावरचा साठा प्रत्यक्षापेक्षा जास्त मासेमारी सोसणारा ठरतो. तुझ्या दोन वाचकांमधला फरक या साखळीच्या पहिल्या कडीवर आहे. त्याला अर्धवट काम म्हणू नकोस.

तर तुझ्या अर्जातला परिच्छेद साधारण असा असावा, शब्द तुझे घाल: “माझ्या नमुन्यात तीन वर्षांपुढच्या माशांत दोन वाचकांची वयं जुळत नाहीत. कारण खोटी वलयं आहेत की कापाची जाडी, हे मला ठरवता आलेलं नाही. परिषदेत वयनिश्चितीवर एक सत्र आहे आणि उष्ण कटिबंधातल्या माशांवर काम करणारे गट तिथे येणार आहेत. पोस्टरवर मी दोन्ही वाचकांनी खुणा केलेली छायाचित्रं शेजारी शेजारी लावणार आहे आणि येणाऱ्यांकडून तिसरं वाचन नोंदवून घेणार आहे.” शेवटचं वाक्य बघ. ते वाचून समितीतला माणूस मनातल्या मनात तुझ्या पोस्टरसमोर येऊन उभा राहतो.

हे तोंडी सादरीकरणात जमलं नसतं, हेही लक्षात आलं असेल. बारा-पंधरा मिनिटांत बोलून उतरायचं, दोन प्रश्न, पुढचा वक्ता. पोस्टरजवळ माणूस तुझ्याशी अर्धा तास बोलतो, भिंग काढून वलयं मोजतो, “हे वलय नाही हो,” म्हणून भांडतो. तुला मिळालेलं पोस्टर कमी दर्जाचं नाही. फक्त अनुदानाच्या नियमात ‘सादरीकरण’ या शब्दात पोस्टर धरलंय का, ते तपास. बहुतेक ठिकाणी धरतात.

सदस्यत्वाचाही नियम बघ. ब्रिटिश बेटांची मत्स्यसंस्था, वर्ल्ड अ‍ॅक्वाकल्चर सोसायटी अशा संघटना विद्यार्थ्यांना प्रवासाला मदत करतात, पण अशा योजना पुष्कळदा सभासदांसाठी असतात, आणि कुठे कुठे अर्जाच्या काही काळ आधीपासून सभासद असावं लागतं. विद्यार्थ्यांची वर्गणी कमी असते. हे पत्र वाचणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या संघटनेचं सदस्यत्व आत्ताच घेऊन ठेवावं, परिषद ठरल्यावर नव्हे.

लाजेबद्दल. पैशांची गरज लिहिणं आणि आपली करुण कहाणी लिहिणं यांत गल्लत होतेय. समितीला घरची परिस्थिती वाचायची नसते, तिला आकडे हवे असतात. तिकीट इतकं, नोंदणी इतकी, राहणं इतकं, व्हिसा इतका. त्यातलं संस्था इतकं देते, मी इतकं घालते, उरतं ते इतकं. पाच ओळींचा तक्ता. ‘मी इतकं घालते’ ही ओळ छोटी असली तरी चालेल, पण शून्य नको, आणि आणखी कुठे अर्ज केलाय तेही लिही. दोन ठिकाणांहून मिळालं तर दोघांनाही कळव. एकाच तिकिटाचे पैसे दोनदा घेतल्याचं उघड झालं तर पुढची दहा वर्षं दारं बंद होतात, आणि ते होतं गंमत म्हणजे लबाडीपेक्षा विसरण्यातून जास्त.

आता उचल. अनुदान नंतर मिळतं ही अडचण खरी आहे आणि ती तुझी एकटीची नाही. ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच मदत करणारी मदत, असा हा उलटा प्रकार आहे, आणि मला तो कायम खटकत आला आहे. पण विचारल्यावर वाटा निघतात. अनुदान मंजूर झाल्याचं पत्र हातात आलं की आयोजकांना लिही: नोंदणी शुल्क थेट माफ करता येईल का, खोलीचं भाडं तुम्ही परस्पर भराल का, तिकीट तुमच्याकडून निघेल का? तेच पत्र दाखवून संस्थेच्या लेखा विभागाकडून आगाऊ रक्कम माग. त्यांच्याकडे प्रवासासाठी उचल द्यायची पद्धत बहुधा असते, फक्त ती विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. अशा लेखी मंजुरीच्या जोरावर घरच्यांनी दोन महिन्यांसाठी पैसे फिरवले तर त्याला माझी हरकत नाही. ते येणारे पैसे आहेत. ‘मिळेल बहुतेक’ या भरवशावर काढलेलं कर्ज मात्र कर्जच.

स्वयंसेवक होता येतं का, तेही विचार. मोठ्या परिषदांत सभागृहात माइक फिरवायला, नोंदणीच्या टेबलावर बसायला विद्यार्थी लागतात आणि त्या बदल्यात शुल्क सोडतात किंवा कमी करतात. त्यात एक आडफायदा असा की नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या मुलीकडे ज्यांचे लेख तू वाचतेस ते सगळे आपलं नाव सांगायला येतात.

गेलीसच तर बोर्डिंग पास, पावत्या, सगळं एका पाकिटात ठेव आणि रोज रात्री फोटो काढ. बोर्डिंग पास हरवल्यामुळे माझ्या एका विद्यार्थ्याचे पैसे सात महिने अडकले होते. व्हिसाला आयोजकांचं निमंत्रणपत्र लागतं, ते अनुदानाच्या निकालाची वाट न बघता आताच मागवून ठेव.

नाही मिळालं तर? पोस्टर दुसऱ्याने लावलं तर चालतं का ते विचार. सिनियर जात असेल तर तो लावेल, तू व्हिडिओवर ठरलेल्या वेळी हजर राहशील. ऑनलाइन पोस्टरची सोय असेल तर ती घे. काहीच नसेल तर मुदतीत नाव मागे घे. रिकामा फलक सोडून गायब होणाऱ्यांची नावं आयोजक विसरत नाहीत. अर्ज का बसला नाही ते दोन ओळींत नम्रपणे विचार, काही समित्या उत्तर देतात. तोच परिच्छेद वार्षिक परिषदांसाठी वापर. पीएच.डी. नंतरच्या पहिल्या काही वर्षांसाठीही नवसंशोधकांच्या वेगळ्या योजना असतात, त्यामुळे चार वर्षांनी तू विद्यार्थिनी नसलीस तरी दार पूर्ण लागलेलं नसेल. तो हिशेब मी वर केला तो गाईडांना दाखवण्यासाठी, तुला घाबरवण्यासाठी नव्हे.

तर क्रम असा ठेव. आज नियम वाच, उद्या सिनियरशी बोल, परवा गाईडांकडे जा. म्हणजे शिफारसपत्राला त्यांना दोन आठवडे मिळतील. अर्ज शेवटच्या दिवशी भरू नकोस, त्या दिवशी संकेतस्थळं रुसतात.

आणि एक राहिलं. तिसरं वाचन घ्यायचं म्हणून खरे ओटोलिथ पिशवीत घालून निघू नकोस. जैविक नमुने सीमेपार न्यायला परवानग्या लागतात आणि विमानतळावर त्या कुणी तोंडी ऐकून घेत नाही. मोठी, स्वच्छ छायाचित्रं ने, मोजपट्टी आणि कापाची जाडी लिहिलेली, आणि खुणा करायला पारदर्शक कागद व पेनं जास्तीची ठेव. लोक पेनं घेऊन जातात.